परत आलेले सात चष्मे

शिंप्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला खरा, पण मुद्द्याचं बोलायला त्याची जीभ रेटेना. आधी त्याने काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, मग लेकीची, मग छताच्या पंख्याची. पंखा बरा आहे असं कळल्यावर त्याच्याकडचे विषय संपले.

"काकू, राग नाही ना मानणार?"

"आधी बोल तरी. मग ठरवते."

"काल एका साहेबांची पँट शिवली. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. साहेब म्हणतात, ही नवी फॅशन का? मी म्हटलं, हो. काय करता! या चष्म्यातून माझी फुटपट्टीसुद्धा कलंडलेली दिसते."

काकूंनी चष्मा उचलून उजेडाकडे धरला. काचा स्वच्छ, कडा नीट घासलेल्या, दांड्या सरळ. हा चष्मा त्यांनी एकदा करून दिला होता, तक्रार आल्यावर नव्या काचा घालून पुन्हा करून दिला होता, आणि दोन्ही वेळा हातावेगळा करण्याआधी तपासला होता.

"असू दे, काकू," शिंपी घाईघाईने म्हणाला. "काका जाऊन चारच महिने झालेत. माणसाचं होतं असं. मी जुन्याच चष्म्यावर भागवीन."

काकूंना राग आला तो या 'असू दे'चा. काका होते तेव्हा हाच शिंपी दांडी जराशी सैल झाली तरी रस्त्यापासून ओरडत यायचा. आता धडधडीत चुकलेला चष्मा घेऊन आला होता तो पाय न वाजवता, आजाऱ्याच्या खोलीत यावं तसा.

"नाही असू देणार. ठेव इथे. तिसऱ्यांदा करीन."

"कशाला उगाच..."

"ठेव म्हटलं ना!"

तो ठेवून गेला. परत आलेला हा सातवा चष्मा होता.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, आरसा आणि चौकटींची कपाटं. मागच्या खोलीत काम. तिथे खिडकीशी एक लांबट टेबल होतं आणि टेबलाच्या मधोमध, पितळी पायावर उभं केलेलं, बशीएवढं एक कडं. कड्याच्या पोकळीत चष्म्याची काच उभी बसायची. कड्याच्या दोन्ही अंगांना, शून्यापासून एकशेऐंशीपर्यंत, आकडे कोरलेले होते. काही डोळ्यांना नुसता नंबर पुरत नाही. त्यांची काच एका ठरावीक कोनातच बसवावी लागते; कोन चुकला तर सरळ रेषा तिरप्या दिसतात आणि पायरी उतरताना माणूस चाचपडतो. डॉक्टर तो कोन चिठ्ठीवर लिहून देतात. तो मोजायचा या कड्यावर.

बाकीच्या दुकानांनी या कामाला केव्हाच यंत्रं घेतली होती. काकांनी घेतलं नाही. "यंत्र बिघडलं तर कळत नाही," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "बायको बिघडली की लगेच कळतं." गिऱ्हाईक हसायचं. मागच्या खोलीतून काकू म्हणायच्या, "ऐकू येतं हो मला," की ते दुप्पट हसायचं.

कारण काम दोघांचं होतं. काका खिडकीकडे पाठ करून खुर्चीवर बसत, काकू त्यांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, स्टुलावर. मध्ये कडं. काचेची पुढची बाजू काकांकडे, मागची काकूंकडे. काका दोन्ही हातांनी काच जराही हलू न देता धरत आणि चिठ्ठीवरचा कोन सांगत. काकू आपल्या बाजूने तो कोन गाठून बारीक टाकाने काचेवर शाईची रेघ ओढत. रेघेच्या धोरणाने पुढे काच कापली जायची. चष्मा तयार झाला की पुन्हा कड्यात. दोघं आपापल्या बाजूने बघून आकडा म्हणत. दोन तोंडांतून एकच आकडा निघाला की चष्मा डबीत. असं छत्तीस वर्षं चाललं.

काका अकरा दिवसांच्या न्यूमोनियाने गेले. महिन्याभराने काकूंनी दुकान उघडलं. काच धरायला कड्याला चिमटे लावून घेतले, खुर्चीवर उजेड चांगला म्हणून काकांच्या खुर्चीवर बसल्या आणि एकट्याने काम सुरू केलं. हात सफाईने चालत होता. चष्मा झाला की त्या कड्यात धरून बघत. चिठ्ठीवरचाच आकडा येई. आणि तरी चष्मे परत येत होते.

त्याच दुपारी, दवाखाना बंद असायच्या वेळेला, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. गेली दहा वर्षं जवळपास सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच यायच्या. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि शिंप्यासारखं त्यांनाही लगेच बोलवेना.

"डॉक्टर, सरळ बोला. शिंप्याने पंख्यापासून सुरुवात केली होती."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "काकू, मागच्या महिन्यात मी तुमचे डोळे तपासले. उत्तम आहेत. हात थरथरत नाहीत. मग होतंय काय?"

"मला कळत नाही. मी प्रत्येक चष्मा तपासून देते."

"माझ्या यंत्रावर ते चुकीचे निघतात." त्यांनी पर्समधून सहा चिठ्ठ्या काढल्या, मग एक सातवी. "शिंपीदादा तुमच्याकडे यायच्या आधी सकाळी माझ्याकडे येऊन गेले होते. प्रत्येक चिठ्ठीमागे लिहिलंय मी, कोन काय हवा होता आणि चष्म्यात काय निघाला. एक आजी परवा जिन्यावरून पडता पडता वाचल्या, काकू. सोमवारपासून मला पेशंट दुसरीकडे पाठवावे लागतील."

"बरोबर आहे तुमचं."

"थोडी विश्रांती घ्या. अशा दुःखात मन थाऱ्यावर नसतं."

काकूंनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्या थांबल्या की दुकानाला कुलूप, हे दोघींना ठाऊक होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात राहायची आणि वडील गेल्यापासून रोज न चुकता फोन करायची. काकूंनी तिला सगळं सांगितलं. लपवायची त्यांना सवय नव्हती.

"आई, मी रविवारी येते आणि तुला घेऊनच जाते. दुकान भाड्याने देऊन टाकू."

"आणि तिकडे मी काय करू?"

"आराम कर. नातवंडांत राहा."

"नातवंडं शाळेत जातात. मग दिवसभर काय, तुझ्या कुंड्या मोजू?"

"आई, एक विचारू? चिडू नकोस. तुला हल्ली विसरायला वगैरे..."

काकू चिडल्या नाहीत. हाच प्रश्न त्या गेले तीन आठवडे स्वतःला विचारत होत्या. रोज सकाळी गॅसपाशी उभं राहून त्या एकोणतीसचा पाढा म्हणून बघायच्या. पाढा कुठे अडत नव्हता. पण चष्मे परत येत होते, आणि जो येईल तो त्यांना समजून घेत होता. सगळ्या गल्लीने मिळून ठरवलं होतं की काकूंचं डोकं काकांबरोबर गेलं, आणि त्याबद्दल त्यांना उदार मनाने माफही करून टाकलं होतं.

"रविवारी ये," त्या म्हणाल्या. "तोवर बघते."

शुक्रवारी त्यांनी दार अर्धं लोटून घेतलं आणि सात चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या, एकीखाली एक, मांडल्या. डॉक्टरीणबाईंचं अक्षर सुवाच्य होतं. हवा होता वीस, निघाला एकशेसाठ. हवा होता पंचेचाळीस, निघाला एकशेपस्तीस, हा शिंप्याचा. तीस आणि एकशेपन्नास. एकशेसत्तर आणि दहा. पासष्ट आणि एकशेपंधरा. पुढचे दोन वाचायची गरजच उरली नाही, तरी त्यांनी वाचले, कारण सातातले पाच म्हणजे सात नव्हेत. एकशेचाळीस आणि चाळीस. एकशेपाच आणि पंचाहत्तर.

प्रत्येक जोडीची बेरीज एकशेऐंशी होती.

वेंधळेपणाची चूक अशी नसते. वेंधळं माणूस वाटेल तिकडे चुकतं. ही चूक सातही वेळा अगदी काटेकोर झाली होती.

काकूंनी कामाची वही काढली. तीन महिन्यांत त्रेचाळीस चष्मे. बहुतेकांना कोनच नव्हता, किंवा होता तो नव्वद नाहीतर एकशेऐंशी. एकशेऐंशीतून नव्वद वजा केले तर नव्वदच राहतात. एकशेऐंशी वजा केले तर शून्य, आणि कड्यावर शून्य आणि एकशेऐंशी ही एकच आडवी रेघ. ते चष्मे चुकूनही बरोबर आले असते. तिरप्या कोनाचे फक्त अकरा होते.

त्या उठल्या आणि काकांच्या खुर्चीवर बसल्या. शिंप्याच्या नंबराची नवी काच चिमट्यात लावली, टाक शाईत बुडवला आणि स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत राहिल्या. चिठ्ठीवर होता पंचेचाळीस. टाक न अडखळता, न विचारता, एकशेपस्तीसपाशी जाऊन टेकला.

तेव्हा त्यांना ते समजलं. कड्याच्या दोन्ही अंगांचे आकडे एकाच साच्यातून काढलेले होते. त्यामुळे काकांच्या बाजूचा वीस म्हणजे पलीकडून बघणाऱ्या काकूंचा एकशेसाठ. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांचा या हिशेबात फार गोंधळ उडायचा. काका "वीस" म्हणायचे आणि त्या पुटपुटायच्या, एकशेऐंशीतून वीस गेले... पुढे पुटपुटणं थांबलं. मग मनात करणंही थांबलं. कानाने वीस ऐकायचं आणि हाताने एकशेसाठ गाठायचं, मध्ये काकूंना कोणी विचारतच नव्हतं. आता त्या काकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. इथून वीस म्हणजे वीसच. पण हात अजून स्टुलावर होता. हात अजून समोर बसलेल्या माणसासाठी वजाबाकी करत होता. आणि तपासताना डोळेही तीच वजाबाकी करायचे, म्हणून आकडा दर वेळी जुळायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेलं एक माणूस आणि खोड राहिली दुसऱ्यात.

काकूंनी टाक खाली ठेवला. डोकं शाबूत होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि जरासा झालाही. पण तीन महिने आपण इथे एकट्या बसत नव्हतो, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि कळलं त्याच क्षणी त्या एकट्या झाल्या होत्या.

अकरातले सात परत आले होते. राहिलेले चार कुठे?

शनिवारी त्या चौघांच्या घरी गेल्या. दोघांचा तिरपा नंबर इतका कमी होता की त्यांना फरक जाणवला नव्हता. तिसरी गावाला गेली होती. चौथे होते निवृत्त हेडमास्तर. दार उघडलं तेव्हाच काकूंना दिसलं की मास्तरांची मान डावीकडे कललेली आहे.

"मास्तर, मान कधीपासून अशी?"

"ही? दोन महिने झाले. वय झालं हो. अशी धरली की अक्षर सरळ दिसतं."

"वय नाही झालं. चष्मा चुकलाय. मी चुकवलाय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मान आपोआप कलली. "शंका आली होती मला," ते हळूच म्हणाले. "पण म्हटलं, तुम्हाला आत्ता कशाला त्रास द्यायचा. नव्याने उभ्या राहताय."

"तुम्ही मुलांच्या वह्या तपासताना असे गुण द्यायचात? घरी दुःख आहे म्हणून?"

"छे! एकही नाही."

"मग मला का दिलेत?"

मास्तरांनी चष्मा काढून काकूंच्या हातात दिला.

रविवारी लेक आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. काकूंनी तिला बॅग उघडू दिली नाही. आधी टेबलापाशी नेलं आणि सगळं दाखवलं. लेकीला आकडे चटकन कळले. मग ती खुर्चीकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाबांच्या जागी कोणी बसलं तर तुझं बरोबर येईल?"

"यायला पाहिजे."

लेक खुर्चीवर बसली. काकू चार महिन्यांनी स्टुलावर बसल्या. लेकीने काच धरली, चिठ्ठी वाचली. "पंचेचाळीस."

काकूंचा हात गेला आणि रेघ ओढून परत आला. लेकीने आपल्या बाजूने पाहिलं. बरोबर पंचेचाळीस.

"अगं आई!" लेक टाळी वाजवायला उठली, आणि खिडकीतलं ऊन एकदम काकूंच्या डोळ्यांत घुसलं. त्यांना कडं दिसेना, टेबल दिसेना. त्यांनी हात आडवा धरला.

"काय झालं?"

"काही नाही. इथे एवढा उजेड येतो हे मला माहीतच नव्हतं. कायम कोणीतरी मध्ये असायचं."

लेक पटकन खाली बसली. ऊन पुन्हा तिच्या पाठीवर गेलं. ती म्हणाली, "मग सोपं आहे. खिडकीला जाड पडदा लाव, या बाजूने काच चिमट्यात ठेव, दिवा घे, आणि तू आपली तुझ्या स्टुलावरच बस. हात आहे तसाच चालू दे. काही बदलायला नको."

"आणि आकडा कोण सांगणार?"

"चिठ्ठी वाच ना तूच."

काकूंनी विचार केला. मोह मोठा होता. पडदा लावायचा, स्टुलावर बसायचं, आणि समोर खुर्चीत अंधार ठेवायचा. अंधारात कोणीही असू शकतं. वजाबाकी मरेपर्यंत चालली असती.

"नको," त्या म्हणाल्या. "हे दोघांचं काम होतं. त्यातलं अर्धं मी एकटीने सांभाळत बसले तर एक दिवस मी कुठल्या बाजूला आहे हेच विसरेन. पुन्हा कोणीतरी जिन्यावर जाईल. त्या आजी वाचल्या, पुढची वाचेलच असं नाही."

"आई, जमेल तुला?"

"ऊठ तिथून. बघू."

लेक उठून स्टुलावर गेली. काकू खुर्चीवर बसल्या. ऊन आता त्यांच्या पाठीवर आलं. पहिली काच मास्तरांची, कोन पंचवीस. हात एकशेपंचावन्नकडे निघाला. काकूंनी तो मधेच थांबवला. इतक्या वर्षांत त्यांनी हाताला असं कधी अडवलं नव्हतं. दंडापर्यंत कळ गेली. त्यांनी टाक उचलून पंचवीसपाशी आणला, आणि कोणाचं तरी न ऐकल्यासारखं, कोणाकडे तरी पाठ फिरवल्यासारखं वाटलं. रेघ ओढली.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

लेकीने पलीकडून पाहिलं, ओठ हलवले. "थांब. एकशेऐंशीतून एकशेपंचावन्न गेले... पंचवीस."

"तुला पुटपुटावं लागतं अजून," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. लेक उठून आली. काकूंनी टाक आधी दौतीत नीट ठेवला, काचेवर थेंब पडू नये म्हणून कडं हाताने दूर सारलं, आणि मग रडल्या. काकांशिवाय दवाखान्यातून परत आल्या त्या दिवशी रडल्या नव्हत्या, एवढ्या. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बाबा असते तर म्हणाले असते, बायको बिघडली," ती म्हणाली, तेव्हा काकू रडता रडता हसल्या आणि परत रडल्या.

संध्याकाळपर्यंत शिंप्याची धरून दहा काचांवर रेघा झाल्या. खुर्चीवरच्या नऊही वेळा हात आधी दुसरीकडे गेला. अकरावी, गावाला गेलेल्या बाईची, ती येईपर्यंत ठेवली. लेक सकाळच्या गाडीने गेली. बॅग रिकामीच नेली. जाताना म्हणाली, "रोज फोन करीन." काकू म्हणाल्या, "आता एक दिवसाआड केलास तरी चालेल. फुकटची काळजी महाग पडते."

सोमवारी दुपारी काकू शिंप्याचा आणि मास्तरांचा चष्मा घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही यंत्रावर लावले. पंचेचाळीस. पंचवीस. त्यांनी मास्तरांचा चष्मा काढून पुन्हा लावला. पंचवीस.

काकूंनी कारण सांगितलं. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. डॉक्टरीणबाई ऐकताना यंत्राच्या पडद्याकडेच बघत होत्या.

"म्हणजे पुन्हा नाही होणार?"

"हात जाईल अजून काही दिवस तिकडे. छत्तीस वर्षांचा आहे तो. पण मी थांबवीन. आता मला माहीत आहे की समोर कोणी नाही. आणि प्रत्येक चष्मा आधी तुमच्या यंत्रावर आणीन, मगच गिऱ्हाइकाला देईन. सहा महिने. तुम्ही म्हणाल तर वर्ष."

डॉक्टरीणबाईंनी चष्मे डबीत ठेवले. टेबलावर आज सकाळची एक चिठ्ठी होती. दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायचा म्हणून बाजूला काढलेली. ती त्यांनी उचलून काकूंपुढे केली. "गुरुवारपर्यंत होईल?"

"बुधवारीच घेऊन येते."

रस्त्यावर आल्यावर काकूंनी चिठ्ठी उघडून वाचली. उजवा डोळा, कोन एकशेवीस.

"साठ," ओठ म्हणालेच.

त्या थांबल्या. मागून हातगाडीवाला येत होता. त्यालाही थांबावं लागलं.

"काय आजी, जायचंय का पुढे?"

"एकशेवीस," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुला नाही रे बाबा. जा तू."

तो वळून वळून बघत गेला. काकूंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि चालायला लागल्या. दुकान येईपर्यंत त्या तो एकच आकडा म्हणत राहिल्या, लहान मुलं पत्ता पाठ करतात तसा, दर दोन पावलांना एकदा.